महाडचा ठराव आणि चवदार तळे

आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार लोकवर्गणीतून व श्रमदानातून तडीस जात असता, आपल्या तालुक्याच्या गावाची थोडी हकीकत या स्मरणिकेत असावी म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

सावित्रीकाठचे महाड हे जुने बंदर. बाणकोटच्या खाडीतून आलेला माल येथे उतरून घाटावर जाई. जवळची गांधारपाल्याची बौद्ध लेणी या वाटेच्या प्राचीनतेची साक्ष देतात. परंतु महाडच्या नगरपालिकेचे नाव देशभर झाले ते एका ठरावामुळे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी मंडळी त्यामागे होती. पण ठराव मंजूर होणे निराळे आणि अंमलात येणे निराळे, हे दप्तरात काम करणारास सांगावे लागत नाही. तीन वर्षे त्या तळ्यास अस्पृश्यांचा हात लागला नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. लगेच, ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले व ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाच्या वेळी कोर्टाचा मनाई हुकूम आला. तळे खाजगी व बंदीची रूढी पुरातन, असे वादींचे म्हणणे होते. ते टिकले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली.

आपल्या जीर्णोद्धार कमिटीनेही सभामंडप व आवारातील नळ सर्वांस खुला राहील, असे वहीत लिहिले आहे. ते योग्यच झाले. तेव्हा कलशारोहणाच्या पंगतीचे बोलावणे केवळ फळ्यावर न लिहिता कमिटीच्या सभासदांनी प्रत्येक वाडीत घरोघर जाऊन करावे आणि सर्वांनी एकाच पंगतीस बसावे, अशी नम्र विनंती आहे.