चित्ता, आजोबा आणि डोळ्यांवरची टोपी

परवा भाचीचा फोन आला. "मामा, चित्ता ताशी १२० किलोमीटर पळतो ना रे? शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहायचंय." मी घाईत "हो, हो" म्हणालो आणि फोन ठेवला. मग चैन पडेना. कारण चित्ता म्हटलं की मला आकडा आठवत नाही, आजोबा आठवतात. ते कोल्हापूरचे. लहानपणी त्यांनी संस्थानचा चित्ता गाडीवर बसून काळविटाच्या शिकारीला जाताना पाहिला होता. डोळ्यांवर टोपी चढवलेली, शेजारी त्याला सांभाळणारा माणूस. "मांजरागत गप बसला होता बघ," असं ते सांगायचे.

एवढ्या वेगवान जनावराला गाडीत बसवून का न्यायचं, हे माझं तेव्हाचं कोडं. त्याचं उत्तर चित्त्याच्या अंगकाठीत आहे.

चित्त्याचं वजन साधारण ३५ ते ६० किलो. लांब पाय, अरुंद कंबर, आणि धनुष्यासारखा वाकून सुटणारा कणा. एका ढांगेत सहा-सात मीटर अंतर जातं आणि त्यात दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. नखं बिबट्यासारखी पूर्ण आत जात नाहीत, त्यामुळे जमिनीवर पकड बसते. वळताना तोल सांभाळायला लांब शेपूट. श्वासासाठी नाकाची पोकळी मोठी, पण त्यापायी सुळे लहान राहिले. म्हणजे पळण्यासाठी त्याने लढण्याची ताकद गमावली.

आता वेग. १९६५ साली केनियात एका चित्त्याची २०१ मीटरची धाव मोजली गेली; सरासरी भरली ताशी १०४ किलोमीटरच्या आसपास. २०१२ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या मादीने १०० मीटर ५.९५ सेकंदांत कापले. (उसेन बोल्टला ९.५८ लागले होते!) पण २०१३ साली प्रसिद्ध झालेला बोट्स्वानामधला अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. तिथे पाच रानटी चित्त्यांच्या गळ्यात पट्टे बांधून ३६७ धावा नोंदवल्या. सर्वाधिक वेग ताशी ९३ किलोमीटर, आणि बहुतेक धावा त्याहून बऱ्याच हळू. धाव सरासरी १७३ मीटरची. शिकार साधते ती झटक्यात वेग घेण्यामुळे आणि झटक्यात वळण्यामुळे.

आपल्याकडच्या चित्तेवानांना हे पट्ट्यांशिवाय ठाऊक होतं. म्हणून तर गाडी! काळविटांच्या कळपाजवळ जाईपर्यंत चित्त्याचा दम राखायचा, मग टोपी काढायची. सावज पडलं की त्याचं रक्त लाकडी पळीतून पाजून चित्त्याला बाजूला घ्यायचं.

पण हा चित्ता पिंजऱ्यात जन्मलेला नसे. आईने रानात तयार केलेलाच चित्ता शिकारीला उपयोगी, म्हणून मोठे चित्ते धरून आणत. ते ठरावीक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात, तिथेच फास लावत. आणि कैदेत त्यांची वीण होत नसे. पाळीव चित्त्याला पिल्लं झाल्याची नोंद जहांगीर बादशहाने १६१३ साली केली, तीही नवल म्हणून. त्यानंतरची नोंद थेट १९५६ ची, फिलाडेल्फियाची. अकबराच्या पदरी हजार चित्ते होते म्हणतात. ते सगळे कुठल्या ना कुठल्या माळावरून उचललेले.

माळरानं नांगराखाली गेली, हरणं घटली, चित्ते मारण्यासाठी इंग्रजांनी बक्षिसंही दिली. विसाव्या शतकात इथले चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर, भावनगरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. म्हणजे आजोबांनी पाहिलेला तो चित्ता बहुधा परदेशीच! १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले आणि १९५२ साली सरकारने चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं. २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते कुनोत आले, पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून बारा.

संध्याकाळी भाचीला पुन्हा फोन लावला आणि आकडा दुरुस्त करून दिला. ती म्हणाली, "मामा, एवढा पळायचा तर सापडला कसा?"

मी तिला त्या झाडांची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे पण लिहिते."