गवत थांबत नाही : डहाणू-तलासरीचा १९४५ चा गवतकापणी संप

१/ घरापुढे हिरवळ राखणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच पावसाळ्यात उमगते. गवत आपल्या सवडीची वाट पाहत नाही. एक आठवडा कापणी चुकली की ते माजते आणि आणखी काही आठवडे गेले की तुरे धरते. गवताच्या याच स्वभावाने ऐंशी वर्षांपूर्वी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला एका लढ्याला बळ दिले. आजचा धागा डहाणू-तलासरीच्या गवताचा आणि ते कापणाऱ्या वारल्यांचा.

२/ आधी गवत समजून घेऊ. बहुतेक झाडांचा वाढता कोंब शेंड्याला असतो. तो खुडला की त्या फांदीची सरळ वाढ थांबते. गवताच्या वाढीचा भाग मात्र जमिनीलगत, पात्याच्या बुडाशी असतो. गुरे चरली किंवा विळा फिरला, तरी पाते खालून पुन्हा वर सरकते. हरळी त्याहून चिवट. ती जमिनीवर आडवे धुमारे सोडते आणि पेरापेराला मुळे फोडते. म्हणून आपल्याकडच्या हिरवळींत ती सर्रास आढळते. पूजेतल्या दूर्वा त्या याच.

३/ या रचनेतूनच हिरवळीच्या निगेचा जुना नियम निघतो : एका वेळी पात्याच्या उंचीचा एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. पाते हेच अन्न तयार करते. ते बुडापासून खरवडले तर मुळांतला साठा नव्या पात्यांवर खर्ची पडतो, जमीन उघडी पडते आणि तिथे तण शिरते. विरळ झालेली हिरवळ पुन्हा उभी करायची तर जमीन भुसभुशीत करून पावसाच्या तोंडावर हरळीचे धुमारे लावावेत. सारे गणित वेळेचे आहे.

४/ हिरवळ हे एके काळी केवळ धनिकांचे वैभव होते, कारण ती राखायला माणसे लागत. इंग्लंडमध्ये मोठ्या वाड्यांपुढची हिरवळ लांब दांड्याच्या कोयत्यांनी मजूर कापत. १८३० साली एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि हे चित्र हळूहळू बदलले. डहाणूच्या रानात मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीही गवत कापले जात होते ते विळ्यानेच.

५/ आता भूगोल. डहाणूच्या पश्चिमेला समुद्र, किनाऱ्यालगत वाड्या-बागायती. पूर्वेकडे सरकावे तशी भूमी उंचावत डोंगराळ होते. खोलगट जागी भातखाचरे, उतारांवर वरकस जमीन. या वरकसावर नाचणी-वरी पिके, राबासाठी पालापाचोळा आणि गवत मिळे, आणि उरलेल्या विस्तीर्ण माळांवर पावसाळ्यात माणसाच्या कमरेएवढे गवत उभे राही. बाहेरून पाहणाऱ्याला ती पडीक जमीन वाटे. जमीनमालकाला ती तशी कधीच वाटली नाही.

६/ कारण दक्षिणेला मुंबई होती. शहरातल्या तबेल्यांत दुभती जनावरे होती, गाड्यांना घोडे आणि बैल होते. मुंबईची ट्रामसुद्धा १८७४ पासून १९०५ पर्यंत घोड्यांनी ओढली. या साऱ्या जनावरांना रोज चारा हवा, आणि शहरात तो उगवत नव्हता. मुंबई-सुरत लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच पट्ट्यातून गेला आणि डोंगरउतारावरचे गवत हा विक्रीचा माल बनला.

७/ पण तोवर जमिनीचे मालक बदलले होते. कर्ज, व्याज आणि न समजणारी कागदपत्रे यांच्या वाटेने आदिवासींची जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली. मूळ कसणारा वारली त्याच जमिनीवर कूळ झाला आणि मालकाच्या शेतावर, रानात वेठ करू लागला. लग्नासाठी कर्ज घेणारा तरुण ‘लग्नगडी’ ठरे. कर्ज फिटेपर्यंत तो बायकोसह सावकाराचा बांधील, आणि ते फिटणे जवळपास अशक्य. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या अहवालाने ही वेठबिगारी सरकारदरबारी नोंदवली. नोंद झाली, वेठ तशीच राहिली.

८/ जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे झरी गावचे माह्या धांगडा आले होते. त्याच वर्षी २३ मे रोजी झरीत वारल्यांची परिषद झाली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या मार्गदर्शनाखाली जमलेल्या हजारो आदिवासींनी ठरवले : वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, दिवसाला बारा आणे मजुरी घेतल्याखेरीज काम करायचे नाही. लाल बावटा गावोगाव पोचला.

९/ पुढचा प्रश्न गवताचा होता, आणि इथे वनस्पतिशास्त्र इतिहासात शिरते. पावसाळा सरताना माळावरचे गवत फुलोऱ्यावर येते. तेव्हा कापले तर चारा पौष्टिक. उशीर झाला की कस बियांत आणि मुळांत उतरतो, ताटे कठीण होतात. कुसळीसारख्या गवताची अणकुचीदार कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात. आणखी वाळले की ठिणगीने अख्खे रान पेटते. ऑक्टोबरपासूनचे काही आठवडे हाच काय तो हंगाम.

१०/ त्याच दिवसांत भातही कापणीला येते. म्हणजे ज्या हातांची सर्वांना एकाच वेळी निकड, ते हात वारल्यांचे. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्या हातांनी विळे खाली ठेवले. मागणी मोजकी आणि स्पष्ट होती : ५०० पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. विळ्याने मूठमूठ कापायचे, पेंढ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या. शिवाय कापलेले गवत वाळताना हलके होते, त्यामुळे वजनावरच्या मजुरीत ‘तोलायचे केव्हा’ हाही हिताचा प्रश्न असतो.

११/ जमीनदारांनी संप मोडण्याचा प्रयत्न केला. १० ऑक्टोबर रोजी तलवाड्याला मोठा जनसमुदाय जमला. गोदावरीबाई तिथे येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा पसरवली गेली होती. ‘बाई’ला वाचवायला लोक काठ्या घेऊन रानावनातून धावत आले. पोलिसांनी या जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी ठार झाले. तरीही लोक बराच काळ जागचे हलले नाहीत, कारण बाई अजून आल्या नव्हत्या.

१२/ सरकारने परुळेकर दांपत्याला या भागात येण्यास बंदी केली. नेते बाहेर, पोलीस आत, घरात दाणा नाही. अशा स्थितीत संप कोसळेल असा हिशेब कोणीही केला असता. संप टिकला. माळावर गवत उभेच्या उभे पिवळे पडू लागले. दिवसागणिक मालाचा भाव उतरत होता आणि बाहेरून इतके विळे आणणे सोपे नव्हते. अखेर जमीनदारांना अडीच रुपयांचा दर मान्य करावा लागला.

१३/ या विजयाचे श्रेय गवताला देऊन थांबणे मात्र अन्यायाचे होईल. गवत दर ऑक्टोबरात असेच पिकत आले होते. वारल्यांची अडचण जमीनदार जाणत होते तशी जमीनदारांची अडचण वारल्यांनाही ठाऊक असणारच. पूर्वी एकट्या माणसाने विळा ठेवला तर त्याला मार मिळे आणि दुसरा विळा उचलला जाई. १९४५ मध्ये गावेच्या गावे एकत्र थांबली. हंगामाचे ज्ञान जुने होते, एकजूट नवी होती. दोन्ही जुळल्यावर उभे गवत वारल्यांच्या बाजूचे झाले.

१४/ १९४६ च्या हंगामात गवताच्या दरासाठी आणि जंगलकामाच्या मजुरीसाठी वारली पुन्हा संपावर गेले. दडपशाहीही पुन्हा झाली. गोदावरी परुळेकरांनी या लढ्याची कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६० च्या राज्यनिर्मितीत उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. २०१४ मध्ये हा प्रदेश ठाण्यातून निघून पालघर जिल्ह्यात आला. १० ऑक्टोबरला इथे आजही हुतात्म्यांचे स्मरण होते.

१५/ इतिहासाची पुस्तके आपल्याला किल्ले आणि तह दाखवतात, गवत क्वचितच. पण शहराच्या दुधामागे चारा असतो, चाऱ्यामागे माळ असतो आणि माळावर विळा घेऊन वाकलेले माणूस असते. महामार्गाने तलासरी ओलांडताना ऑक्टोबरातला पिवळसर उतार दिसला, तर गाडीतून क्षणभर तिकडे पाहा. पाचशे पौंडांना अडीच रुपये हा दर याच उतारांवर ठरला, आणि त्यासाठी पाच माणसे गेली.