बोसमान खटला आणि दुय्यम श्रेणीतील फुटबॉलपटू

करार संपला तरी व्यावसायिक फुटबॉलपटूवरील क्लबचा हक्क पूर्वी संपत नसे. जाँ-मार्क बोसमानचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे ठरते. १९९० मध्ये बेल्जियमच्या लिएज क्लबने त्यास मासिक १,२०,००० फ्रँकऐवजी ३०,००० फ्रँक देऊ केले. त्याने नकार दिला. फ्रान्सच्या द्वितीय श्रेणीतील डंकर्क क्लब त्यास घेण्यास तयार होता. परंतु त्याच्या आर्थिक क्षमतेविषयी साशंक असलेल्या लिएजने हस्तांतरण-प्रमाणपत्रच मागविले नाही. खेळाडू जणू तारण ठेवलेली वस्तू! बोसमान तेव्हा २५ वर्षांचा होता. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने, करार संपलेला खेळाडू अन्य सदस्य-राष्ट्रातील क्लबकडे जाताना हस्तांतरण-शुल्क घेणे अवैध ठरविले. दरम्यान रियुनियन बेटावर खेळून तो मायदेशी शार्लरॉयच्या तृतीय श्रेणीतील क्लबपर्यंत उतरला होता.