आवाज, नाव आणि श्रेय : चिफचॅफ व विलो वॉर्बलर यांच्या वेगळेपणाचा इतिहास

प्रास्ताविक :
चिफचॅफ व विलो वॉर्बलर हे युरोपात वीण करणारे दोन पर्णवटवटे दिसण्यात जवळजवळ सारखे आहेत. दोहोंची लांबी सुमारे ११ सें.मी., पाठ हिरवट-तपकिरी व पोट फिकट असते. त्यांचे वेगळेपण कसे सिद्ध झाले व त्याचे श्रेय कोणाकडे गेले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

श्रवणाचा पुरावा :
इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील सेलबर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट (१७२०-१७९३) हे धर्मोपदेशक राहत. १७ ऑगस्ट १७६८ रोजी त्यांनी प्राणिशास्त्रज्ञ थॉमस पेनंट यांना पत्राने कळविले की, एकच समजल्या जाणाऱ्या या पक्ष्यांच्या तीन जाती असून प्रत्येकीचा स्वर निश्चित व वेगळा आहे. तिसरी जात म्हणजे आजचा वुड वॉर्बलर. चिफचॅफ दोन तुटक स्वर पुनःपुन्हा उच्चारतो, तर विलो वॉर्बलरचे गाणे वरून खाली ओघळत येते. व्हाइट केवळ कानावर विसंबले नाहीत. तिन्ही नमुने समोर ठेवून त्यांनी आकारातील क्रम तपासला आणि सर्वांत लहान पक्ष्याचे पाय काळे, इतर दोघांचे मांसवर्णी असल्याचे नोंदविले. विलो वॉर्बलरचे पंख तुलनेने लांब असतात, ही खूणही आज उपयोगी पडते. तो सहाराच्या दक्षिणेपर्यंत स्थलांतर करतो, तर अनेक चिफचॅफ भूमध्यसागराच्या परिसरातच हिवाळा काढतात.

नावाचा अधिकार :
व्हाइट यांची पत्रे १७८९ च्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. परंतु त्यांनी शास्त्रीय नाव दिले नाही. विलो वॉर्बलरचे नामकरण लिनियस यांनी १७५८ मध्येच केले होते. चिफचॅफचे आज मान्य असलेले नाव मात्र फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ व्हिएयो यांनी १८१७ मध्ये दिले. त्यामुळे नामावलीत त्यांचाच उल्लेख होतो. लक्षणीय बाब अशी की, 'कॉलिबिटा' हे जातिनाम सराफ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. पक्ष्याचा स्वर नाण्यांच्या खणखणाटासारखा वाटला म्हणून. म्हणजे अधिकृत नावाचा आधारही श्रवणच होता.

समारोप :
भेद ओळखणे व त्याची शास्त्रमान्य नोंद करणे या दोन भिन्न कृती आहेत. नामावली दुसरीची दखल घेते; पहिलीचा माग पत्रे व दैनंदिन टिपणे यांतूनच लागतो. विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्याने केवळ नामावलीवर विसंबल्यास, एकाच गावी राहून वर्षानुवर्षे ऐकणारा निरीक्षक त्या इतिहासातून निसटतो.