काही होत नाही हो!

परवा शनिवारी बाबांची जुनी मारुती ८०० घेऊन गॅरेजमध्ये गेलो होतो. कार्ब्युरेटरवाली गाडी, टाकीत कचरा साठलेला. गॅरेजवाल्या काकांनी टाकीत नळी घातली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं आणि पेट्रोल आल्याबरोबर पचकन थुंकले. मग सुटे केलेले भाग डब्यातल्या पेट्रोलने धुतले, आणि शेवटी त्यातच स्वतःचे हातही. मी म्हटलं, "काका, हातमोजे तरी घाला." तर म्हणाले, "काही होत नाही हो! तीस वर्षं हेच करतोय."

घरी येताना एका माणसाची आठवण झाली. थॉमस मिजली. अमेरिकन, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. त्या काळी इंजिनं 'नॉक' करायची, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून आतून ठोकल्यासारखा आवाज यायचा आणि ताकद वाया जायची. जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मिजलीला डिसेंबर १९२१ मध्ये उपाय सापडला: पेट्रोलमध्ये किंचित टेट्राएथिल लेड. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन गावात हे पेट्रोल विकायला आलं. नाव ठेवलं 'एथिल'. शिशाचा उल्लेख नावात कुठेच नाही!

शिसं विषारी असतं हे तेव्हाही माहीत होतं. खुद्द मिजलीलाच १९२३ मध्ये शिशाच्या बाधेमुळे सुट्टी घ्यावी लागली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या रिफायनरीत टेट्राएथिल लेड बनवणाऱ्या कामगारांना भास व्हायला लागले, काही जण हिंसक झाले. पाच जण दगावले, तीसहून जास्त आजारी पडले. त्याच महिन्याच्या शेवटी कंपनीने पत्रकार परिषद घेतली. मिजलीने सगळ्यांसमोर ते रसायन हातावर ओतून घेतलं, मिनिटभर त्याचा वास घेतला आणि सांगितलं की असं रोज केलं तरी मला काही होणार नाही.

म्हणजे तेच. "काही होत नाही हो!" फरक एवढाच, की काका खरंच तसं मानतात. मिजलीला मात्र स्वतःच्या अनुभवावरून माहीत होतं.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी बैठक झाली. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टनसारख्यांनी कडक विरोध केला आणि विक्री काही महिने थांबली. पण तेवढ्याच काही महिन्यांच्या पाहणीवर समितीने १९२६ मध्ये 'बंदीला पुरेसं कारण नाही' असा निष्कर्ष काढला. नंतर अमेरिकेतल्या पंपांवर पाटी दिसायची: यात शिसं आहे, फक्त इंजिनात वापरा, सफाईसाठी नाही. थोडक्यात, पेट्रोलने हात धुऊ नका हे तेव्हाच लिहून ठेवलं होतं. ऑफिसमध्ये आपण वॉर्निंग न वाचता 'ओके' दाबतो, त्यातलाच प्रकार.

आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. शिशाने तो निकामी होतो, म्हणून शिसंविरहित पेट्रोल आलं. फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झालं. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने शिसं सोडलं. डेटनपासून अल्जीरियापर्यंत ९८ वर्षं!

मग आता हात धुवायला हरकत नाही? आहे ना. शिसं गेलं, बेंझीन राहिलं. प्रमाण कमी असलं तरी ते कर्करोगकारक आहे. नळी ओढताना घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तर रासायनिक न्यूमोनिया होतो. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली जमिनीलगत पसरते, आणि लांबची एखादी ठिणगीही तिला पुरते.

शिवाय कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटरच्या नळीत दाब नावापुरता असायचा. इंजेक्शनच्या साध्या गाडीत तो साधारण तीन बार असतो, टायरमधल्या हवेपेक्षा जास्त, आणि इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ टिकतो. जुन्या सवयीने थेट नळी सोडवली, तर फवारा तोंडावर किंवा गरम इंजिनावर!

म्हणून फिल्टर बदलायचाच असेल तर गाडी उघड्यावर लावा, इंजिन गार होऊ द्या. टाकीचं झाकण सैल करा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जोड सोडवताना वर कापड धरा, कारण थोडं पेट्रोल तरीही येतंच. चष्मा, हातमोजे आणि शेजारी पावडरचा अग्निशामक हवाच. डायरेक्ट इंजेक्शनची गाडी असेल तर दाब शेकडो बारपर्यंत जातो, तिथे आपण हात न घातलेला बरा.

असो. आज काकांना हातपंपाची नळी आणि हातमोज्यांचा खोका देऊन आलो. "कशाला खर्च केलात?" म्हणाले, पण ठेवून घेतलं. मग हात पुढे करून दाखवले. बोटांच्या पेरांवरची कातडी कोरडी पडून फाटली होती.

"थंडीमुळे होतं," म्हणाले. थंडी कधीच संपली होती.