जपानी-कोरियन ताटातील सोयाबीन : काय मागावे, काय विचारावे

सोनपेठसह परभणी जिल्ह्यात खरिपाचे मोठे क्षेत्र सोयाबीनखाली असते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘एमएयूएस ७१’सारखे वाणही दिले. मोंढ्यावर विकला जाणारा हा माल मुख्यतः तेल आणि पेंडीसाठी जातो. जपान व कोरियात मात्र याच दाण्यावर रोजचे जेवण उभे आहे. शिक्षण-नोकरीसाठी पुण्यात गेलेल्या सोनपेठकराला तेथील जपानी-कोरियन उपाहारगृहांत हे ओळखीचे धान्य अनोळखी रूपात भेटते. रांजणगाव, चाकण, तळेगाव परिसरात या देशांच्या कंपन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर ही खाद्यसंस्कृतीही पुण्यात रुजली.

सोयाबीनची रूपे
‘तोफू’ म्हणजे सोयादुधाचे पनीर. ‘मिसो’ ही जपानी, तर ‘द्वेनजांग’ ही कोरियन आंबवलेली चटणी. दोन्हींचे सार होते. ‘गोचुजांग’मध्ये लाल मिरची व चिकट तांदूळ मिसळतात. कोरियातील या ‘जांग’ बनविण्याच्या परंपरेचा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत समावेश झाला.

शाकाहारींसाठी
पदार्थात मांस दिसत नाही, म्हणून तो शाकाहारी ठरत नाही. मिसो सूपचा आधार असलेला ‘दाशी’ हा अर्क बहुधा सुकवलेल्या माशापासून काढतात. कोबीच्या ‘किमची’त माशाचा रस किंवा खारवलेली कोळंबी असू शकते. माळकरी, जैन वा अंडेही न खाणाऱ्यांनी ‘मांस आहे का’ एवढेच न विचारता ‘अर्क कशाचा, किमचीत मासळी आहे का’ असे स्पष्ट विचारावे. ‘बिबिम्बाप’ हा भाज्या घातलेला भात मांस व अंड्याविना मागता येतो. काकडीची ‘माकी’ हाही पर्याय आहे.

ॲलर्जी असल्यास
बहुतेक सोया सॉसमध्ये गहूही असतो. त्यामुळे सोया, गहू, तीळ वा कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी मागणी नोंदवण्यापूर्वीच तसे सांगावे.

रीत
कोरियन जेवणासोबत ‘बानचान’ ही छोटी तोंडी लावणी येतात. रिवाजाप्रमाणे त्यांचे वेगळे पैसे घेत नाहीत. जपानी पद्धतीत भाताची वाटी हातात उचलतात, कोरियन पद्धतीत ती टेबलावर ठेवून चमच्याने खातात. भातात काड्या उभ्या खोचणे दोन्हीकडे अशुभ, कारण ती मृताला नैवेद्य दाखवण्याची खूण आहे. काड्या जमत नसतील, तर चमचा मागण्यात कमीपणा नाही.