‘कीचकवध’ ते पब्जी : परिणामांच्या भीतीचा इतिहास

पदवीच्या वर्गात मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना ‘कीचकवधा’वरील बंदीचा उल्लेख दरवर्षी येतो आणि बहुधा एका वाक्यात संपतो. पाथर्डीच्या आमच्या वर्गात एकदा ते वाक्य संपत असतानाच मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, म्हणजे पब्जीवर बंदी आली, तसंच ना?’’ वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडीना. विद्यार्थ्याने नकळत दोन काळांतील एकच भीती ओळखली होती, आणि त्याच्या शिक्षकाने ती हसण्यावारी नेली होती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम ‘कीचकवधा’ची हकिकत थोडी सविस्तर पाहू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, प्रसंग विराटपर्वातला. पण प्रेक्षकांना कीचकात कर्झन, सैरंध्रीत पारतंत्र्यातील देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसत होते. हे रूपक कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. दोन-अडीच वर्षे नाटक गाजत राहिले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा खून झाला आणि त्यानंतर १९१० च्या आरंभी १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार घेऊन ‘कीचकवधा’वर बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराने या नाटकाचा आणि प्रेक्षकांवरील त्याच्या प्रभावाचा विस्ताराने समाचार घेतला. तरुणांच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे मूळ त्यांनी पाहिलेल्या हिंसेत आहे, असा हा एकंदर युक्तिवाद होता.

आता दुसरी बाजू. जॅक्सन यांना गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा विजयानंदमध्ये ‘कीचकवध’ चालू नव्हते. तिथे किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग होता. जरठ-कुमारी विवाहावर आसूड ओढणारे देवलांचे ते सामाजिक नाटक. त्यात ना भीम, ना कीचक. गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे जेमतेम अठराच्या आसपासचा विद्यार्थी होता. या कटामागचे कारण म्हणून जी घटना सर्वत्र नोंदली गेली आहे, तीही विचारात घेण्यासारखी आहे. त्याच वर्षी जून महिन्यात बाबाराव सावरकरांना काही कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि ते प्रकरण जॅक्सन यांच्याच अधिकारातून पुढे गेले होते. म्हणजे कवितांमुळे हिंसा होईल या भयाने त्या प्रसिद्ध करणाऱ्याला शिक्षा झाली आणि त्या शिक्षेच्या संतापातून हिंसा घडली. सरकारने यातून कोणता धडा घेतला? एक नाटक आणखी बंद केले, आणि फेब्रुवारी १९१० मध्ये नवा मुद्रण कायदा आणला.

इथे एक खुलासा केलाच पाहिजे. खाडिलकरांच्या नाटकाचा काहीच परिणाम होत नव्हता, असे म्हणणे हा खाडिलकरांचाच अपमान ठरेल. परिणाम व्हावा म्हणूनच त्यांनी ते लिहिले होते. प्रश्न परिणाम होतो की नाही हा नाही. तो कसा होतो, कोणावर होतो आणि मध्ये कायकाय येते, हा आहे. सत्तेला या मधल्या पायऱ्यांत रस नसतो. तिला कलाकृती आणि कृत्य यांना जोडणारी एक सरळ दोरी हवी असते.

ही दोरी प्रत्येक नव्या माध्यमाला बांधली गेली. चित्रपटासाठी १९१८ साली कायदा झाला. पुढे १९२७-२८ मध्ये रंगाचारियार समितीने चित्रपटांच्या परिणामांविषयी देशभर साक्षी नोंदवल्या. दादासाहेब फाळके यांचीही साक्ष झाली. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवली. चित्रपट इतर कोणत्याही कलेपेक्षा भावना अधिक खोलवर हलवतो, हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या विवेचनातील एक मुख्य मुद्दा होता. लक्षात घ्या, दर वेळी ‘हे माध्यम आधीच्या माध्यमांपेक्षा वेगळे आहे’ हेच सांगितले जाते. नाटक पुस्तकापेक्षा प्रभावी, चित्रपट नाटकापेक्षा, आणि आता व्हिडिओ गेम चित्रपटापेक्षा. कारण त्यात बंदूक नटाच्या नव्हे, तर खेळणाऱ्याच्या बोटाखाली असते.

हा शेवटचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. दाखवलेल्या हिंसेविषयीची काळजी हा केवळ साहेबाचा किंवा सनातन्यांचा उद्योग नव्हे. युद्ध, मृत्यू, नगराला पडलेला वेढा यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून सुचवाव्यात, असे नाट्यशास्त्र सांगते. प्लेटोनेही आपल्या आदर्श राज्यातील मुलांनी कोणत्या कथा ऐकाव्यात याची चिंता वाहिली. तेव्हा ‘पूर्वीही लोक घाबरत होते, म्हणून आताची भीती खोटी’ हा निष्कर्ष काढणे म्हणजे इतिहासाचा आळशी वापर होय. मागची भीती खोटी निघाली एवढ्यावरून आजची खोटी ठरत नाही. ती आजच्या पुराव्यावर तपासावी लागते.

पब्जीचा मोबाइल अवतार २०१८ च्या मार्चमध्ये आला. त्याआधी २०१६ च्या सप्टेंबरपासून देशात इंटरनेट स्वस्त झाले होतेच. शंभर जण हवाई छत्रीने एका बेटावर उतरतात, मिळतील ती शस्त्रे उचलतात, खेळाचे वर्तुळ आकसत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगण्याजोगी आहे : या प्रकारच्या खेळाचे नाव आणि कल्पना जपानमधून आली. कौशुन ताकामी यांची ‘बॅटल रॉयल’ ही कादंबरी १९९९ ची आणि तिच्यावरील चित्रपट २००० चा. सरकार एका वर्गातील शाळकरी मुलांना बेटावर सोडते आणि एकमेकांना मारायला लावते, असे तिचे कथानक आहे. मोठ्यांनी मुलांवर लादलेल्या हिंसेविषयीची ती कादंबरी होती. तरुण बिघडतील म्हणून तिच्यावरील चित्रपटाला जपानच्या संसदेत आक्षेप घेतला गेला. खेळात आल्यावर त्या कथेतील सरकार गळून पडले, फक्त बेट आणि बंदुका उरल्या. व्हिडिओ गेमविषयी माझी खरी तक्रार विचाराल तर ती इथे आहे.

२०१९ हे वर्ष आपल्याकडे या भीतीचे वर्ष होते. जानेवारीत ‘परीक्षा पे चर्चा’मध्ये एका आईची तक्रार ऐकून पंतप्रधानांनी ‘हा पब्जीवाला आहे का’ अशा अर्थाचा प्रश्न विचारला आणि सभागृह हसले. त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात बंदीची मागणी करणारी याचिका केली. फेब्रुवारीत गोव्याच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांनी हा खेळ घराघरात शिरलेला राक्षस असल्याचे सांगितले. मार्चमध्ये हिंगोलीत रुळांवर खेळत बसलेले दोन तरुण रेल्वेखाली गेले. जूनमध्ये भिवंडीत एका अल्पवयीन मुलाने मोठ्या भावाचा जीव घेतला. सप्टेंबरमध्ये बेळगावजवळ काकती येथे एका तरुणाने वडिलांचा.

या बातम्या भयंकर आहेत आणि त्यांच्यावर इतिहासाचे पांघरूण घालण्याचा माझा हेतू नाही. पण त्या साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचाव्यात तशा, म्हणजे नीट वाचल्या पाहिजेत. हिंगोलीत हिंसा नाही, भान हरपणे आहे. भिवंडी आणि काकती येथील घटनांत, वृत्तपत्रांनी दिलेल्या हकिकतीनुसार, ठिणगी पडली ती खेळावरून रागावण्यातून, फोनवरून झालेल्या भांडणातून. खेळात पाहिलेले कृत्य मुलाने घरात करून दाखवले, असा त्यांचा आकार नाही. मनाई, अपमान, संताप आणि मग कृत्य असा तो आहे. नाशिकचा कट आणि ही कौटुंबिक शोकांतिका यांची नैतिक तुलना मी करीत नाही. ती होऊच शकत नाही. साम्य आहे ते फक्त आपल्या वाचनातील चुकीत. दोन्हीकडे आपण कलाकृतीकडे बोट दाखवले, आणि ज्या ठिकाणी मनुष्य दुसऱ्या मनुष्याशी कसा वागला हे पाहायचे, तिथे पाहिलेच नाही.

संशोधन काय सांगते? दीर्घकाळ दोन तट आहेत. क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हिंसक खेळ आणि आक्रमकता यांत संबंध असल्याचे मांडले. २०१९ मध्ये प्रिझिबिल्स्की आणि वाइनस्टाइन यांनी ब्रिटनमधील चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे एक हजार मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला. खेळ किती हिंसक हे मुलांना न विचारता त्यांनी अधिकृत वर्गीकरणावरून ठरवले, आणि त्यांना असा संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० च्या ठरावात मधली भूमिका घेतली : ओरडणे, ढकलणे अशा वर्तनाशी अल्प संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत ‘गेमिंग विकार’ समाविष्ट केला आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून अमलात आली. त्याच्या लक्षणांत ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही आहेत. खेळ हिंसक असला पाहिजे, अशी अट त्यात नाही.

आणि बंदी? ती २ सप्टेंबर २०२० रोजी आली. एकूण ११८ ॲपवर एकदम. कारण दिले गेले ते देशाच्या सार्वभौमत्वाचे आणि सुरक्षेचे. गलवानच्या संघर्षाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. दोन वर्षे ज्या मुलांच्या नावाने चर्चा चालली होती, ती मुले त्या आदेशाचे कारण नव्हती. तोच खेळ २०२१ च्या जुलैमध्ये नव्या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा केंद्रीय कायदा झाला, त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. माझ्या विद्यार्थ्याला आता उत्तर देता येते : नाही, तसेच नाही. ‘कीचकवधा’वर बंदी आली कारण सरकारने तरुण प्रेक्षकाला गंभीरपणे घेतले होते, शत्रू म्हणून का होईना. पब्जीच्या बंदीत तो तरुण कुठेच नव्हता.

तो कुठे आहे, हे पाथर्डीत राहून मला रोज दिसते. हा दुष्काळी तालुका. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कोयते बाहेर पडतात आणि वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसे व शाळेत जाणारी मुले उरतात. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनमध्ये गेली. ज्या घरांत पूर्वी मुलाच्या हाती फोन नव्हता, तिथे तो अभ्यासासाठी म्हणून उसनवारी करून आला. एकाच पडद्यावर शाळा, दूर कारखान्याच्या तळावर असलेल्या आईचा आवाज आणि खेळ. शाळा पुन्हा भरू लागली, फोन मात्र हातातच राहिला. या मुलांना मी हिंसक होताना पाहिलेले नाही. पहिल्या तासाला डोळे मिटणारी, वाचताना दोन पानांनंतर थांबणारी आणि रात्री कोणाशी बोलतोस असे विचारले तर ‘टीमशी’ असे उत्तर देणारी मुले मी पाहिली आहेत. हे नुकसान बातमीत येत नाही, कारण त्यात रक्त नाही.

आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर ‘अर्धसत्य’ आणि ‘सडक’मध्ये अंगावर काटा आणणारे खलनायक झाले आणि प्रत्यक्षात सामाजिक कामांत आयुष्यभर रमले. हिंसेचा अभिनय आणि हिंसा यांतील अंतर आपल्याला कळत नाही असे नाही. नटाच्या बाबतीत ते आपण सहज मान्य करतो, कारण त्याच्याभोवती नाटक असते, लेखक असतो, पडदा पडण्याची वेळ ठरलेली असते. ‘कीचकवध’ पाहणारा मुलगाही शेकडो माणसांत बसलेला असे, आणि प्रयोग संपल्यावर वाटेभर त्याच्यावर बोलत घरी जाई. मोबाइलवरील खेळाला पडदा नाही. तो संपू नये अशीच त्याची रचना आहे आणि खेळून झाल्यावर त्याच्याविषयी बोलायला घरात मोठे माणूस नाही. माध्यमातील खरा फरक मला बंदुकीत दिसत नाही. तो या दोन अभावांत दिसतो.

म्हणून साहित्याच्या शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. बंदीची बाजू घेण्यापूर्वी किंवा बंदीला हसण्यापूर्वी एकदा वर्गात या खेळाची कथा विचारा. बेटावर ते शंभर जण का उतरले, त्यांना कोणी पाठवले, शेवटी उरलेला एकटा घरी कसा जातो? खेळात या प्रश्नांची उत्तरे नाहीत. मुलांना ती रचावी लागतील, आणि रचताना ती वाचकही होतील. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी त्या दिवशी हे विचारायला हवे होते. आता तो पदवी घेऊन गेला आहे. पुढच्या वर्षी ‘कीचकवध’ पुन्हा येईल. या वेळी तो एका वाक्यात संपवायचा नाही, असे ठरवले आहे.